लुआर खोऱ्यात जॉगिंग: शातो, गुहा, द्राक्षमळे आणि तुमचे नेहमीचे प्रश्न

मी मूळची साताऱ्याची, आता बरीच वर्षं फ्रान्समध्ये तूर शहराजवळ राहते आणि इथल्या गावांमधून, शेतांमधून पळते. दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी पुण्याहून, लंडनहून, जर्मनीहून येतं, बॅगेत शूज असतातच, आणि येण्याआधी व्हॉट्सअॅपवर तेच ते प्रश्न. म्हणून यावेळी सगळं एकदाच लिहून टाकतेय. एक गोष्ट आधीच सांगते, इथे पळणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. डोकं लावावं लागतं ते परत कसं यायचं, पाणी कुठे मिळेल आणि आज सोमवार तर नाही ना, यासाठी.

फ्रान्स एवढा मोठा, मग लुआरच का?

कारण सपाट आहे, ट्रेन आहेत आणि दर दहा-पंधरा किलोमीटरवर बघण्यासारखं काहीतरी उभं आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकात फ्रान्सचे राजे पॅरिसपेक्षा इथेच जास्त रमायचे, राजा आला की दरबारी आले, दरबारी आले की त्यांचे शातो, म्हणजे राजवाडे आणि किल्लेवजा वाडे, आले. सुली ते शालोन असा साधारण २८० किमीचा पट्टा २००० सालापासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

आणि दगड! आपण काळ्या पाषाणात वाढलेली माणसं, इथे सगळं पांढरं. तुफो नावाचा मऊ चुनखडी दगड, नखाने ओरखडा उठेल इतका मऊ. टेकडी पोखरून दगड काढला, त्याचे शातो आणि चर्च बांधले, आणि टेकडीत जी भोकं राहिली त्यात लोक राहायला गेले, वाईन ठेवली, अळंबी लावली. त्यामुळे पळताना डावीकडे नदी आणि उजवीकडे कड्यात दार, खिडकी, धुराडं आणि दारात जिरेनियमची कुंडी असं दिसतं, पहिल्यांदा मी तर थांबून बघतच राहिले होते, आत कोणी कपडे इस्त्री करत होतं.

ही नावं वाचायची कशी? ट्रेनमध्ये अनाउन्समेंट झाली तरी कळत नाही.

खरंय, स्पेलिंगवर जाऊ नका, निम्मी अक्षरं शोभेला असतात. कानाला काय ऐकू येईल ते लिहिते: तूर, आंब्वाज, शनॉन्सो, विलाँद्री, लाँझे, शिनों, फोंतव्रो, शाँबोर, सोम्यूर. शेवटचा एस, टी, डी बहुतेक वेळा गिळायचा. शनॉन्सोच्या नदीचं नाव शेर आहे, त्यावरचे जोक सगळे करून झालेत, नवीन असेल तरच पाठवा.

वाटा सापडतात कशा? जीपीएस लागतंच का?

फोनवर ट्रॅक असलेला बरा, पण खुणा इतक्या छान रंगवलेल्या असतात की दोन दिवसांत सवय होते. पांढरा-लाल पट्टा म्हणजे जीआर, लांब पल्ल्याची वाट. पिवळा-लाल म्हणजे एखाद्या भागाला फेरी मारणारी वाट. नुसता पिवळा म्हणजे गावातून निघून गावातच परत येणारी छोटी वाट, जॉगिंगला हीच बेस्ट, पाच ते पंधरा किमीच्या असतात. खुणा झाडावर, विजेच्या खांबावर, कुंपणाच्या दगडावर, कुठेही असू शकतात. आणि त्याच रंगांची फुली दिसली तर इकडे जायचं नाही. मी पहिल्या महिन्यात फुलीला "इथे वळा" समजले आणि एका शेतकऱ्याच्या गोठ्यात जाऊन उभी राहिले, तो बिचारा हसला आणि हाताने मागचा रस्ता दाखवला.

लुआरच्या काठाने जाणारी वाट जीआर ३, फ्रान्समधली ही सगळ्यात पहिली जीआर, १९४७ मध्ये ओर्लेआँ ते बोजाँसी हा तुकडा सुरू झाला. शिवाय सायकलवाल्यांचा लुआर आ व्हेलो म्हणून ९०० किमीचा मार्ग आहे, त्यावरही पळतात लोक, फक्त कडेने पळा, इअरफोन एकाच कानात, मागून सत्तरीचे आजी-आजोबा ई-बाइकवर सुसाट येतात.

एकच रूट सांगायचा तर कुठला?

मोंसोरो, काँद, फोंतव्रो. डोळे झाकून. साधारण १२-१३ किमीची फेरी होते, चढ एकच पण चांगला दमवणारा.

सुरुवात मोंसोरोच्या शातोपासून, तो अगदी नदीला चिकटून. तिथून काँद-सँ-मार्तँ म्हणजे पुढचंच गाव, इतकं चिकटून की जिल्हा आणि प्रांत दोन्ही बदलतात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. काँदच्या चर्चपाशी जरा थांबा, ते चर्च किल्ल्यासारखं दिसतं, पंधराव्या शतकात त्याला तटबंदीसारखं केलं. तूरचे बिशप सेंट मार्टिन ३९७ सालच्या नोव्हेंबरमध्ये इथे वारले. मग देह कोणाचा यावरून पोआतिए आणि तूरच्या लोकांमध्ये वाद, आणि कथा अशी की रात्री पोआतिएवाले झोपल्यावर तूरवाल्यांनी देह खिडकीतून बाहेर काढला, होडीत घातला आणि नदीने वर नेला, आणि ती होडी जाईल तसतशी ऐन नोव्हेंबरात काठावरची झाडं फुलत गेली. अजूनही ११ नोव्हेंबरच्या आसपास दोन-चार दिवस ऊन पडलं की इथले लोक त्याला सेंट मार्टिनचा उन्हाळा म्हणतात. देह पळवून नेण्याची गोष्ट पळता पळता सांगायला मला फार आवडते, पाहुण्यांना चढ सुरू झालेला कळतच नाही.

कारण चर्चच्या मागून लगेच चढ आहे, दगडी गल्ली, घोटे सांभाळा. वर पोचलात की व्हिएन नदी लुआरला मिळते तो संगम समोर, दोन्ही पाण्यांचे रंग वेगळे दिसतात कधी कधी, मध्ये वाळूची बेटं. आणि हो, लांबवर वाफेचे ढग दिसतील, तो शिनोंचा अणुऊर्जा प्रकल्प. फोटोत लोक तो कापतात, मी नाही कापत, नदीच्या पाण्यावरच तोही चालतो.

मग पठारावरून द्राक्षमळे आणि ओकची झाडी यातून फोंतव्रो. हा मठ ११०१ साली रोबेर दार्ब्रिसेलने स्थापन केला आणि गंमत म्हणजे इथे बाया आणि पुरुष दोन्ही राहायचे पण सत्ता मठाधिपती बाईची, तीही सातशे वर्षं जवळपास. आत इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री, त्याची बायको एलिनॉर, मुलगा रिचर्ड सिंहहृदयी यांच्या समाध्या आहेत, दगडात कोरलेल्या आडव्या मूर्ती, आणि सगळे झोपलेत तर एलिनॉर पुस्तक वाचतेय! हेन्री मेला शिनोंच्या किल्ल्यात, ११८९च्या जुलैमध्ये, आपल्याच मुलाने फ्रान्सच्या राजाशी हातमिळवणी केली म्हणून हार मानून दोन दिवस झाले होते. आणि ज्या रिचर्डमुळे हे झालं तो आता बापाच्या शेजारी पहुडलाय. पुढे नेपोलियनने १८०४ मध्ये मठाचा तुरुंग करायचं ठरवलं आणि तो १९६३ पर्यंत तुरुंगच होता.

परतताना त्युर्काँवरून या. तिथे सफरचंद भट्टीत सुकवून, हातोडीने चपटी करून ठेवायची जुनी पद्धत आहे, पोम तापे म्हणतात. दिसायला चामड्यासारखं, चवीला सुक्या अंजिराच्या जवळचं काहीतरी. पळणाऱ्याच्या खिशात ठेवायला एनर्जी जेलपेक्षा कधीही बरं, असं माझं मत.

अडचण एकच, मोंसोरोला ट्रेन नाही. सोम्यूरपर्यंत ट्रेन, पुढे बस मोजक्याच, त्यामुळे सायकल भाड्याने घ्या किंवा गाडी.

शनॉन्सोचा तो नदीवरचा शातो तिकीट न काढता दिसतो का?

दिसतो, आणि खरं सांगू का, बाहेरूनच जास्त छान दिसतो. सगळ्यात जवळच्या पुलावरून शेर नदी ओलांडायची आणि दक्षिण काठाच्या वाटेने यायचं. झाडीतून वाट जाते, मऊ माती, मग एकदम झाडं बाजूला होतात आणि कमानींवर उभी असलेली ती लांबलचक गॅलरी समोर. सकाळी लवकर गेलात तर खाली धुकं असतं आणि कमानी अर्ध्याच दिसतात, पर्यटकांच्या बस अजून यायच्या असतात, कावळे आणि तुम्ही. गावातून निघून दोन्ही काठ करून परत यायला ८-१० किमी धरा.

हा शातो बायकांनी घडवला म्हणतात ते खोटं नाही. बांधकामावर देखरेख मालकाची बायको काथरिन ब्रिसोनेची, नदीवर पूल बांधला फ्रान्सच्या राजाची प्रेयसी दियान द प्वातिएने, त्यावर गॅलरी चढवली त्याच राजाची राणी काथरिन द मेदिचीने, तीही दियानला तिथून घालवून दिल्यावर. पहिल्या महायुद्धात याच गॅलरीत सैनिकांचं हॉस्पिटल होतं, दोन हजारांवर जखमी इथे बरे व्हायला आले. आणि १९४० ते ४२ मध्ये शेर नदी म्हणजे जर्मनव्याप्त फ्रान्स आणि न व्यापलेला फ्रान्स यांची सीमा. गॅलरीचं पुढचं दार इकडे, मागचं दार तिकडे. लोक त्या दारातून निसटायचे. तुम्ही ज्या काठावरून पळताय तो सुटकेचा काठ, हे डोक्यात ठेवून बघा एकदा त्या मागच्या छोट्या दाराकडे.

लाँग रनसाठी काय?

आंब्वाज ते शनॉन्सो, जंगलातून. गाडीरस्त्याने १२ किमीच्या आसपास, पायवाटेने थोडं वाकडंतिकडं होऊन १५ धरा. आंब्वाजमध्ये लिओनार्दो दा विंची १५१६ मध्ये राहायला आला आणि २ मे १५१९ ला तिथेच क्लो ल्युसे या घरात वारला. त्याच्या दारावरूनच तुमचा रस्ता जातो, वर चढून.

गावाबाहेर तीनेक किमीवर शाँतलूचा पॅगोडा लागतो, हो पॅगोडाच, ४४ मीटर उंच, सात मजले, वरवर निमुळता होत जाणारा. श्वाझलचा ड्यूक राजाच्या मर्जीतून उतरला, पॅरिसमधून हद्दपार झाला, आणि त्या काळात ज्यांनी साथ सोडली नाही त्या मित्रांच्या आठवणीसाठी त्याने १७७५ ते ७८ मध्ये हा बांधला. त्याचा मोठा शातो पुढे लोकांनी पाडून दगड विकले, हा एकटा उरला तळ्याकाठी. मला तर शातोंपेक्षा हाच आवडतो. पुढे सरळसोट जंगलवाटा, शिकारीसाठी आखलेल्या, एवढ्या सरळ की समोर दोन किमीवरचा टोकाचा उजेड दिसतो आणि तो जवळ येतच नाही. डोक्याची परीक्षा आहे ती.

शनॉन्सोचं रेल्वे स्टेशन शातोच्या गेटला लागूनच. तिथून अर्ध्या तासात तूर. पण गाड्या दिवसात मोजक्याच, आधी टाइमटेबल बघा, मग पेस ठरवा.

शाँबोरला पळण्यात मजा आहे का, की नुसती गर्दी?

शातोसमोर गर्दी, पाच मिनिटं पळालात की कोणी नाही. शाँबोरचं आवार ५,४४० हेक्टर, म्हणजे आख्खं मूळ पॅरिस शहर बसेल एवढं, भोवती ३२ किमीची भिंत. त्यातला साधारण हजारेक हेक्टरचाच भाग लोकांना खुला आहे, बाकी हरणांचा आणि रानडुकरांचा. वाटा आखलेल्या आहेत, जमीन वाळूची, त्यामुळे गुडघ्यांना आराम, पण पोटऱ्या दुसऱ्या दिवशी बोलतात.

फ्रान्स्वा पहिला याने १५१९ मध्ये काम सुरू केलं, हा एवढा डोलारा, शेकडो खोल्या, तो दुहेरी जिना ज्यात वर जाणारा आणि खाली येणारा समोरासमोर येतच नाहीत, आणि राजा स्वतः आयुष्यात इथे राहिला सगळे मिळून काही आठवडे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर लूव्हर म्युझियमची चित्रं इथे आणून ठेवली होती, मोनालिसासुद्धा.

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सांबरांच्या जातीचे मोठे नर माजावर असतात, संध्याकाळी त्यांचं ओरडणं ऐकू येतं, पोटातून येतो तो आवाज. पहिल्यांदा मला वाटलं ट्रॅक्टर बिघडलाय. त्या दिवसांत बंद केलेल्या वाटांवर अजिबात घुसू नका.

चढ अजिबात नको. गुडघ्याचा प्रॉब्लेम आहे.

मग शिनों ते रिशल्यू. जुनी रेल्वेलाइन उखडून केलेली वाट, एका बाजूने २० किमीच्या आसपास, गाड्या नाहीत, आणि रेल्वेची असल्यामुळे चढ-उतार जाणवतच नाही. मध्ये शाँपिन्यी नावाचं गाव, तिथल्या चॅपलच्या रंगीत काचा बघण्यासारख्या. रिशल्यू गाव म्हणजे फ्रान्सच्या राजाचा मुख्य मंत्री कार्डिनल रिशल्यू याने १६३१ पासून झाक लमर्सिए या वास्तुविशारदाकडून पट्टी ठेवून आखून घेतलेलं शहर, चौकोनी, काटकोनी, भोवती खंदक. शातो मात्र राहिला नाही, बाग आहे. आता तिथे ट्रेन नाही (रुळच काढलेत ना), म्हणून जेवढं जाल त्याच्या दुप्पट हिशोबात धरा. मी सहसा दहा जाऊन परत फिरते आणि शिनोंमध्ये येऊन बसते.

विलाँद्रीजवळ याहून सोपं आहे. साव्होनिएर गाव ते विलाँद्री, शेर नदीच्या काठाने, एका बाजूने तीन-चार किमी. घरातल्या आई-बाबांनाही चालायला पाठवा त्याच वाटेवर. वाटेत ठसठशीत असं काही नाही, शेवटी विलाँद्रीच्या बागा आहेत, जिथे कोबी आणि वांगी रांगोळीसारखी लावलेली असतात. वर हेन्रीने हार मानली म्हटलं ना, ते याच गावात, तेव्हा याचं नाव कोलोंबिए होतं.

नदीच्या बांधावरून पळता येतं का?

येतं, पण तुकडा बघून. लुआरचे बांध फार जुने, बाराव्या शतकापासून वाढवत वाढवत नेलेले, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांच्या माथ्यावरून मोठा गाडीरस्ता जातो, तिथे पळणं म्हणजे जिवाशी खेळ. जिथे सायकलमार्ग बांधावर किंवा बांधाखाली आहे तेवढाच घ्या.

जुन्या घरांच्या भिंतीवर, पुलाच्या खांबावर रेघा आणि साल कोरलेलं दिसेल: १८४६, १८५६, १८६६. तीन महापूर, बरोबर दहा-दहा वर्षांनी. एका घरावर १८५६ची रेघ माझ्या डोक्याच्या वर हातभर आहे. ऑगस्टमध्ये ही नदी बघितली तर वाळूच वाळू, बगळे गुडघाभर पाण्यात उभे, विश्वास बसत नाही. आपल्याकडे कृष्णाकाठच्या लोकांना मात्र लगेच बसतो.

रस्त्याच्या कुठल्या बाजूने पळायचं?

डाव्या. हे नीट वाचा कारण आपली सवय उलटी आहे. इथे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे गावाबाहेर पायी माणसाने डाव्या कडेने, गाडी समोरून येताना दिसेल असं जायचं, नियमच आहे तो. छोट्या रस्त्यांवर लोक ऐंशीने येतात, वळणावर दिसत नाहीत. अंधारात रिफ्लेक्टर जॅकेट घालाच.

पाणी, टॉयलेट, खाणं?

पाण्याची युक्ती: गावाचं कब्रस्तान. हसू नका. जवळपास प्रत्येक कब्रस्तानात फुलांना घालायला नळ असतो आणि बहुतेक वेळा ते गावाच्याच नळयोजनेचं पाणी असतं. मात्र "ओ नों पोताब्ल" असं लिहिलेलं असेल तर प्यायचं नाही, "ओ पोताब्ल" म्हणजे पिण्याचं. टॉयलेट असलं तर चर्च किंवा मेरी, म्हणजे गावाच्या ऑफिसच्या आसपास.

खायचं म्हणजे बेकरी. सकाळी सात-साडेसातला उघडते, दुपारी साडेबाराला सगळं बंद, तीन-चारला परत. रविवारी दुपारनंतर विसरा. आणि सोमवार! कितीतरी गावांत बेकरी सोमवारी बंद. एका सोमवारी मी १८ किमी पळून, पाकिटात वीस युरो घेऊन, तीन गावांच्या तीन बंद दारांसमोर उभी राहिलेय, शेवटी अंगणात काम करणाऱ्या एका काकूंनी दोन जर्दाळू आणि पाणी दिलं. तेव्हापासून खिशात चिक्की असते, घरून आणलेली.

शाकाहारी लोकांनी रियेत नावाच्या पदार्थापासून लांब राहा, ते डुकराचं मांस आहे. बकरीच्या दुधाचं सँत-मोर चीज मात्र घ्या, लांबट ओंडक्यासारखं, राखेत घोळवलेलं आणि मधून आरपार गवताची एक काडी. काडी खायची नाही. चिनॉन, माफ करा, शिनोंच्या बाजूला गुहेतल्या भट्टीतले फुए मिळाले तर सोडू नका, छोट्या फुगलेल्या भाकरीच त्या, बटर किंवा घेवड्याची उसळ भरून देतात.

जंगलात शिकारी असतात हे खरं आहे का?

खरं आहे आणि हे हलक्यात घेऊ नका. सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हंगाम, शनिवार-रविवारी जास्त. वाटेच्या तोंडाशी "शास आँ कूर", म्हणजे शिकार चालू आहे, अशी पाटी दिसली की मागे फिरा, पाच किमी कमी झाले तर होऊ देत. त्या महिन्यांत भडक केशरी टीशर्ट घाला, तपकिरी-हिरवं अजिबात नको. मी तर रविवारी नदीकाठ नाहीतर द्राक्षमळेच घेते.

द्राक्षमळ्यांचंही एक आहे, वसंतात-उन्हाळ्यात ट्रॅक्टर फवारणी करत असेल तर वाऱ्याची दिशा बघून बाजूच्या वाटेने जा. सप्टेंबरमध्ये तोडणीच्या वेळी ट्रॉल्यांना वाट द्या, आणि घड तोडून तोंडात टाकू नका, लोकांचं पोट आहे ते.

एकटी बाई म्हणून सेफ आहे का?

मी पळते, पहाटेही पळते. गावांमध्ये लोक "बोंझूर" म्हणतात, तुम्हीही म्हणायचं, न म्हणणं उद्धट समजतात. तरीही रूट घरच्यांना पाठवा, लोकेशन चालू ठेवा, जंगलात काही पट्ट्यांत रेंज जाते. इमर्जन्सीला ११२, अँब्युलन्सला १५. त्रास म्हणाल तर मला माणसांचा झाला नाही, अंधाराचा झाला: डिसेंबरात सूर्य पावणेनऊला उगवतो आणि पाचला मावळतो, ऑफिस सांभाळून उजेडात पळणं जमतच नाही.

कुत्रे? किडे?

साताऱ्यातली भटकी कुत्री ज्यांनी झेललीत त्यांना इथे सुट्टीच आहे. कुत्रे कुंपणाच्या आत असतात, भुंकतात, संपलं. "शियँ मेशाँ" पाटी म्हणजे कुत्र्यापासून सावध.

गोचीड मात्र बघा. उंच गवतातून, जंगलातून आलात की आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेला तपासा, लाइम नावाचा आजार त्यांच्यापासून होतो. औषधाच्या दुकानात गोचीड काढायचा छोटा प्लास्टिकचा आकडा मिळतो, दोन-तीन युरोंना. चावल्या जागी पुढच्या दिवसांत लाल गोल पसरत गेला तर डॉक्टर.

कधी यावं?

एप्रिल ते जून, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. जूनमध्ये सकाळी सहाला उजेड आणि रात्री दहापर्यंत असतो, जेवून पळायला जाता येतं म्हणा ना. जुलै-ऑगस्टला उष्णतेच्या लाटा येतात, तेव्हा सहालाच निघा. हिवाळ्यात पठारावरचा चिखल बुटाला दोन-दोन किलो चिकटतो.

पॅरिसहून एका दिवसात होईल?

होईल. मोंपार्नास स्टेशनवरून सँ-पिएर-दे-कोर सव्वा तासाच्या आत, तिथून आंब्वाज किंवा तूर जवळच. माझा कायमचा फंडा असा की ट्रेनने लांबच्या टोकाला जायचं आणि पळत मुक्कामाकडे यायचं. उलटं केलं की शेवटची गाडी पकडायची घाई, आणि मग एवढ्या लांब येऊन सगळा वेळ घड्याळाकडे बघण्यात जातो. आंब्वाज-शनॉन्सोचा रूट त्यामुळे दोन्ही बाजूंनी करता येतो, मुक्काम कुठे आहे ते बघून.

रेसमध्ये भाग घ्यायचा असेल तर?

गावोगावी होतात, दहा किमी, हाफ, ट्रेल सगळं. मोठ्या माणसांना आता डॉक्टरच्या सर्टिफिकेटऐवजी बहुतेक ठिकाणी पीपीएस म्हणून ऑनलाइन फॉर्म चालतो, तब्येतीबद्दलची माहिती वाचायची आणि नंबर मिळतो, पण त्या त्या रेसचे नियम वाचा. वाईन पीत पीत पळायची ती प्रसिद्ध मेदोक मॅरेथॉन इथली नाही, ती बोर्दोकडे, सप्टेंबरमध्ये. दरवेळी कोणीतरी विचारतंच.

घामेजलेल्या कपड्यांत शातोमध्ये सोडतात का?

सोडतात, कोणी काही म्हणत नाही. चिखलाचे बूट मात्र बाहेर झटका, आणि चर्चमध्ये अंगावर एखादं जॅकेट टाका, प्रार्थना चालू असेल तर मागेच थांबा. मोठी हायड्रेशन बॅग काही ठिकाणी पुढे घ्यायला किंवा ठेवायला सांगतात.

पळून झाल्यावर नदीत उतरलं तर चालेल?

नाही. लुआर वरून गरीब दिसते पण तिची वाळू सरकते, आज गुडघाभर तिथे उद्या डोह, आणि खाली ओढ असते. वाळूच्या बेटांवर वसंतात आणि उन्हाळ्यात कुररी पक्षी अंडी घालतात, तिथे तर पाऊलही ठेवायचं नाही. पाय गार करायचे असतील तर गावात लाव्ह्वार शोधा, म्हणजे जुना सार्वजनिक धोबीघाट, कौलांचं छप्पर, मधे झऱ्याचं पाणी, कडेला बायकांनी कपडे घासून घासून झिजवलेले उतरते दगड. मोजे काढून त्या दगडावर बसायचं. पाणी ऑगस्टमध्येसुद्धा असलं गार असतं की दोन मिनिटांच्या वर पाय ठेववत नाहीत.